पाच हजार चाळीस, प्रत्येक एकदाच

वाळवीने पोखरलेली एक तुळई.

मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेल्या आठ मोगऱ्या.

साडेतीन दिवसांची मिनिटे.

भिंतीकडे तोंड करून टांगलेली फळी. तिच्यावर अजून न घडलेली गोष्ट सोनेरी अक्षरांत लिहिलेली.

घटस्फोट झालेले नवराबायको, एकाच खोलीत, तीन तास, एकमेकांशी एक शब्दही न बोलता.

एकाहत्तरचा वर्ग, वजा एक.

मित्रांनो, या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध मी आहे. मी एक जुनी संख्या आहे. माझे नाव पाच हजार चाळीस.

*

मला कोणी घडवले नाही. खुर्चीला सुतार असतो, मडक्याला कुंभार असतो. मला तसे कोणी नाही. सात निरनिराळ्या वस्तू जगात पहिल्यांदा शेजारी शेजारी आल्या, तेव्हा मी तिथे हजर होते. फक्त मला मोजणारे अजून कोणी जन्मले नव्हते.

एक वस्तू एकाच रीतीने मांडता येते. दोन वस्तू दोन रीतींनी. तीन असल्या तर सहा, चार असल्या तर चोवीस, पाच असल्या तर एकशे वीस, सहा असल्या तर सातशे वीस. सातवी आली की मी. खरे वाटत नसेल तर सात मैत्रिणींना फोटोसाठी एका ओळीत उभे करा. रोज एक फोटो, रोज नवी ओळ. ओळी संपेपर्यंत चौदावे वर्ष उजाडेल, आणि शेवटच्या फोटोत कोणीही पहिल्या फोटोतल्यासारखी दिसणार नाही.

सातापासून एकापर्यंत खाली उतरत सगळ्यांना गुणा, मी येते. सातापासून दहापर्यंत वर चढत चौघांनाच गुणा, तरीही मीच येते. एकाच घराला दोन जिने असावेत तसे. मला वाटून घ्यायला फार आवडते. दोघांत वाटा, तिघांत वाटा, थेट दहा जणांत वाटा, मागे काही उरत नाही. मला नेमके भागणाऱ्या साठ संख्या आहेत, आणि माझ्याहून लहान अशी एकही संख्या नाही जिच्याकडे इतका गोतावळा असेल. म्हणूनच एका प्राचीन ग्रीक विचारवंताने म्हटले होते की आदर्श नगरात माझ्याइतकी घरे असावीत. शेतजमीन वाटायची असो की पहारे लावायचे असोत, भांडण होणार नाही.

पहिल्या बारा जणांत एकाचेच माझ्याशी जमत नाही. बारा माझ्या घरात हसत येतो, अकरा येत नाही. त्याने मला भागले की दर वेळी दोन उरतात. याची मला थोडी खंत आहे.

माझे शेजारीही सांगते. माझ्या अलीकडे पाच हजार एकोणचाळीस राहते. तिला एक आणि ती स्वतः सोडून कोणीही भागू शकत नाही, अगदी एकलकोंडी. पलीकडे पाच हजार एक्केचाळीस राहते, एकाहत्तर गुणिले एकाहत्तर, चारही बाजू सारख्या, इस्त्री केलेली. दोघींशीही माझे वाकडे नाही. पण मित्रांनो, एकाने कमी झाले की मी तीच उरत नाही. माझ्या जातीत ‘जवळजवळ’ नावाची गोष्टच नसते.

*

आता घंटांकडे येते, कारण माझे खरे आयुष्य घंटांमध्ये गेले.

मी तिजोऱ्यांत राहिले आहे, गणिताच्या वह्यांत राहिले आहे. पण तिथे लोक मला लिहितात आणि पुढे जातात. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत जगणारे लोक एकच भेटले. ते चर्चच्या मनोऱ्यात गोल उभे राहून दोर ओढतात. वर मोठ्या घंटा असतात, पूर्ण गिरकी घेणाऱ्या. एका माणसाला एक घंटा, एका घंटेला एक दोर. आधी धाकट्या घंटेपासून थोरलीपर्यंत ओळीने वाजवायचे, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग दर ओढीला क्रम बदलायचा. घंटा जड असते. तिला उडी मारता येत नाही. एका ओढीत ती फार तर एक घर पुढे किंवा एक घर मागे सरकते. अशी सरकत सरकत सातही घंटांची प्रत्येक संभाव्य ओळ वाजली पाहिजे, आणि कोणतीही ओळ दोनदा वाजता कामा नये. शेवटी पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. याला सुमारे तीन तास लागतात. मध्ये पाणी नाही, बसणे नाही, हातात कागद नाही. सगळे डोक्यात.

आठवी घंटा सगळ्यांत थोरली. ती फिरत नाही, प्रत्येक ओळीच्या शेवटी धम्म करून बसते. तिलाही फिरवले असते तर ओळी चाळीस हजारांच्या वर गेल्या असत्या आणि मंडळींचा दिवस मनोऱ्यातच मावळला असता. म्हणून ती दाराशी उभी राहते आणि मला आत राहू देते.

या खेळाला पंच नसतो. आठ माणसे म्हणाली, खरे वाजले, तर खरे.

*

वारिंगा हे दूर दक्षिण गोलार्धातले गव्हाचे गाव आहे. एक रस्ता, दोन बिअरची दुकाने, धान्याची तीन उंच कोठारे आणि लाल विटांचे चर्च. घंटा जहाजाने आल्या आणि पुढे बैलांनी ओढत आणल्या. शंभराहून अधिक वर्षे त्या मनोऱ्यात आहेत. पण तेवढ्या वर्षांत मी तिथे एकदाही पूर्ण झाले नव्हते. कधी वाजवणारे सहाच असायचे. कधी आठ जमायचे, पण सातवा नवशिका निघायचा. लग्नात थोडा वेळ, रविवारी थोडा वेळ, एवढेच. माझे तुकडे त्या विटांत ठिकठिकाणी पडलेले होते.

ऊना ट्रेगिअर मात्र मला अख्खी बाळगून होती.

ऊनाने चाळीसएक वर्षे शाळेची बस चालवली. शेताशेताच्या फाटकांवरून मुले उचलायची, संध्याकाळी परत सोडायची. लांब सरळ रस्ता, समोर ऊन, आणि तिच्या डोक्यात घंटांच्या ओळी. मंडळाची ती म्होरकी होती. वाजवता वाजवता मध्येच ती ‘बॉब!’ असा पुकारा करी, आणि त्या शब्दासरशी काही घंटांनी आपली वाट बदलायची असे. पुकारा एक ओढ उशिरा झाला की सगळे मुसळ केरात. पुकाऱ्यांची जागा तिला अशी पाठ होती की कोणत्या फाटकापाशी कोणता बॉब येतो, हे बसमधल्या मुलांनाही ठाऊक झाले होते.

पूर्वी एकदा प्रयत्न झाला होता. तेव्हा क्लेम आणि नेरिडा नवराबायको होते. क्लेम गहू पिकवतो आणि गावच्या वणवा विझवणाऱ्या पथकाचा प्रमुख आहे. नेरिडा दुकानांच्या पाट्या रंगवते. उत्साहाच्या भरात क्लेमने लाल गम झाडाच्या लाकडाची फळी रंधून काढली, आणि नेरिडाने तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले: ‘वारिंगाच्या मनोऱ्यात, वारिंगाच्याच आठ जणांनी, ५०४० क्रम खरे वाजवले.’ खाली आठ नावे. फक्त तारीख मोकळी.

“लग्नाआधीच बारसं उरकलंत,” ऊना म्हणाली होती.

आणि तसेच झाले. अडीच तास झाले असतील, वणव्याचा भोंगा वाजला. क्लेम आणि आणखी दोघे दोर सोडून जिन्यावरून धावत सुटले. वर घंटा अडखळत, एकमेकींवर आदळल्यासारख्या थांबल्या. फळी भिंतीकडे तोंड करून टांगली गेली. पुढे क्लेम आणि नेरिडा वेगळे झाले. फळी खाली कोणी काढायची यावरून वाद नको म्हणून ती तिथेच राहिली.

*

आता वाळवी.

वाळवीने घंटांची लाकडी चौकट आतून खाऊन टाकली होती. सोमवारी क्रेन येणार, घंटा उतरवणार, आणि मंगळवारी त्या दूर शहरातल्या कारखान्यात जाणार. परत यायला दोन वर्षे, कदाचित तीन. ऊनाच्या उजव्या खांद्याने तर आधीच राजीनामा दिला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, या उन्हाळ्यानंतर दोर नाही. म्हणजे तिच्या हातून, तिच्या गावात, मला पूर्ण होण्यासाठी शेवटचा शनिवार उरला होता.

शनिवारी दुपारी आठही जण वरच्या खोलीत जमले. डिसेंबरचा उकाडा, तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा. खिडक्या उघड्या, त्यामुळे माश्याही आत.

“फोन बाहेर ठेवा सगळ्यांनी,” ऊना म्हणाली. “क्लेम, पट्ट्याचा पेजरसुद्धा.”

“पेजर नाही काढणार. वणवा लागला तर?”

“तर गेल्या वेळेसारखं होईल.”

“गेल्या वेळेस तीन घरं वाचली, ऊना.”

“वाचली की. मी कुठे नाही म्हणते? पाच हजार चाळीस मात्र जळून गेली.”

मित्रांनो, मी जळत नाही. पण तिला काय म्हणायचे होते ते मला कळले.

नेरिडाने तिसऱ्या घंटेचा दोर धरला, क्लेमने पाचव्या. वरच्या घंटांच्या मांडणीमुळे गोलात दोघे बरोबर समोरासमोर आले.

“हा माझ्या नाकासमोरच उभा राहणार आहे का?”

“मी कुठे जाऊ? पाचवी घंटा इथेच आहे.”

“तू डोळे मिटून वाजव.”

“बारा वर्षं तेच केलं,” क्लेम म्हणाला, आणि सगळे हसले. नेरिडाही हसली असती, पण तिने ओठ आवळून धरले.

थोरल्या घंटेचा दोर सिओनेकडे होता. तो टोंगा बेटांवरचा, मांस कापण्याच्या कारखान्यात काम करणारा, दारातून तिरका होऊन आत येणारा माणूस. ऊनाला तो मावशी म्हणे.

“मावशी, या वेळीही मला काही पाठ नाही करायचं ना?”

“तुला फक्त शेवटी वाजायचंय. दर वेळी.”

“मग ठीक. घरी पण तसंच आहे. आंघोळ शेवटी, जेवण शेवटी, आणि माफी पण शेवटी मीच मागायची.”

ऊनाने दोराची लोकरीची मूठ पकडली. “सावध,” ती म्हणाली. “धाकटी निघाली... गेली.”

*

वाजवताना माझे काय होते, ते सांगणे कठीण आहे. एरवी मी एकाच वेळी सगळी असते. घंटांमध्ये मी एकेक होऊन येते. आत्ता आले आणि आत्ता गेले. मी जणू लांब रांग आहे आणि दारातून एका वेळी एकानेच बाहेर पडायचे आहे.

पहिला तास छान गेला. दुसरा त्याहून छान. खाली चर्चच्या अंगणात गावकरी खुर्च्या टाकून बसले होते. बर्फाच्या पेटीत बिअर होती, ताटांत लॅमिंग्टन केक, खोबऱ्याचा कीस लावलेले. ऊना पुकारत होती, “बॉब!” आणि रांग वळण घेत होती.

तेव्हा एक माशी नेरिडाच्या वरच्या ओठावर बसली.

हात दोरावरून काढता येत नाहीत. तिने फुंकर मारली. माशी उडाली, पुन्हा बसली. त्या क्षणात नेरिडाची वाट चुकली. तिचा दोर अर्धा श्वास रेंगाळला आणि ती क्लेमच्या जागेत शिरली. क्लेमने पाहिले. तो अडून राहिला असता तर ती लगेच परत फिरली असती. पण जुन्या सवयीने त्याने तिला वाट दिली, दार उघडून धरावे तशी, आणि स्वतः तिच्या वाटेवर गेला. सुरावट तुटली नाही. खाली कोणाला काही कळले नाही. तिसरी घंटा पाचवीच्या वाटेने चालत राहिली आणि पाचवी तिसरीच्या.

नेमका त्याच वेळी ऊनाला पुकारा करायचा होता. तिने तो केला. मग कान देऊन ऐकले, आणखी ऐकले, आणि अखेर ओरडली, “तीन-पाच, बदला!” दोघांनी जागा बदलल्या. रांग पुन्हा सरळ झाली. तासाभराने शेवटची ओळ आली, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आणि थोरलीची धम्म.

“थांबा,” ऊना म्हणाली.

खालून टाळ्यांचा कडकडाट झाला. मोटारींचे हॉर्न वाजले. वर माणसे एकमेकांच्या घामेजल्या गळ्यात पडली. सिओने दोन ढांगांत भिंतीपाशी गेला आणि त्याने फळीला हात घातला.

“थांब रे,” ऊना म्हणाली. ती बाकावर बसली होती, खांदा धरून. “त्या बॉबच्या वेळी... तिसरी-पाचवीची किती वेळ अदलाबदल होती?”

नेरिडाने रुमालाने वरचा ओठ पुसला.

“दोन ओढींची चुकामूक असती तर मीच विचारलं नसतं. पण ती बराच वेळ होती. किती?”

“हा घुसला माझ्या वाटेत,” नेरिडा म्हणाली.

“मी घुसलो? तू आलीस माझ्या अंगावर! मी बाजूला झालो.”

“तुला कोणी सांगितलं होतं बाजूला हो म्हणून?”

“आयुष्यभर हेच ऐकलं. बाजूला हो. झालो, तर आता हे.”

“म्हणजे बराच वेळ,” ऊना शांतपणे म्हणाली.

सिओनेच्या हातात अजून फळी होती. “मावशी, पन्नाससाठ ओळी इकडच्या तिकडे झाल्या असतील. पाच हजारांत तेवढ्यानं काय बिघडतं? बाहेरचं तर काही वाजवलं नाही.”

“तेच तर. सात घंटांत बाहेरचं काही नसतंच. जे चुकून वाजलं, तेही हिच्यातलंच. एक तर आधी वाजून गेलेलं, नाहीतर नंतर वाजलेलं. म्हणजे ते दोनदा वाजलं. आणि ज्यांची तिथं पाळी होती, त्या ओळी वाजल्याच नाहीत.” तिने खांदा चोळला. “मी बसमध्ये मुलं मोजायचे. चाळीस भरली की गाडी सोडायची. चाळीस भरली, पण दोघांना दोनदा मोजलं असेल तर? बेरीज बरोबर येते रे. दोन मुलं मात्र फाटकाशी उन्हात उभी राहतात.”

खालून कोणीतरी ओरडले, “या की खाली! बिअर गरम होतेय!”

“कोणाला कळलं असतं?” नेरिडाने विचारले. रागाने नाही, खरेच विचारले.

“कोणाला नाही,” ऊना म्हणाली.

सिओनेने फळी परत टांगली. तोंड भिंतीकडे.

मित्रांनो, मी त्या दिवशी रागावले नाही. माझ्या ज्या ओळी फाटकाशी उभ्या राहिल्या होत्या, त्यांची कोणीतरी आठवण काढली, याचेच मला अप्रूप वाटले.

*

उरला रविवार. चर्चनंतर पुन्हा वाजवू, असे ठरले. पण सकाळीच उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटला आणि दहाच्या आधी भोंगा झाला. क्लेम आणि दोघे पाण्याच्या गाडीवर चढले. संध्याकाळी परतले तेव्हा दातच तेवढे पांढरे होते. पाच जणांत मी मावत नाही. पाच जणांत एकशे वीसच मावते.

सोमवारी क्रेन आली. मनोऱ्याच्या छपराचा एक भाग उघडून घंटा एकेक बाहेर काढल्या. उन्हात तरंगत, हळूहळू खाली. अंगणात मिरीसारखे दाणे धरणारे मोठे वृक्ष होते; त्या मिरीच्या झाडांखाली एक लांब ट्रेलर उभा होता. त्यावर लोखंडी चौकट होती, आणि प्रवासात काठाचा टवका उडू नये म्हणून प्रत्येक घंटा फळ्यांपासून वीतभर वर, साखळीने टांगली होती. ट्रेलर ओढायला ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होता.

आठही जण आले होते. जन्मभर ज्यांना दोराच्या टोकावरून ओळखले, त्यांना ते आता जवळून पाहत होते. नेरिडाने तिसरीवरची पारव्यांची विष्ठा रुमालाने पुसली. सिओनेने थोरलीच्या पोटाशी कान लावला आणि बोटाच्या पेराने टक् केले.

घंटा बोलली. हलकेच, पण पूर्ण.

“पुन्हा कर,” ऊना म्हणाली.

त्याने पुन्हा केले.

ऊना ट्रेलरला एक फेरी घालून आली. “क्लेम, तंबूचे खुंटे ठोकायच्या लाकडी मोगऱ्या आहेत ना पथकाकडे?”

“आहेत. पण घंटेला लाकूड मारायचं?”

“नुसतं नको, तडा जाईल. काहीतरी गुंडाळावं लागेल.”

नेरिडा काही न बोलता आपल्या मोटारीकडे गेली. पुढच्या सीटवरचे मेंढीच्या कातड्याचे आवरण तिने ओढून काढले, आणि खिशातल्या कात्रीने त्याच्या आठ पट्ट्या केल्या.

“हे हिशेबात धरलं जाणार नाही हं,” क्लेम मोगरी गुंडाळत म्हणाला. “दोर नाही, मनोरा नाही. घंटावाल्यांच्या संघटनेची माणसं हसतील.”

“संघटनेला कोण सांगायला चाललंय?”

“मग कोणासाठी?”

“फाटकाशी उभ्या आहेत ना, त्यांच्यासाठी,” ऊना म्हणाली, आणि कठड्याला धरून ट्रेलरवर चढली. खांद्याला काही करावे लागणार नव्हते. मोगरी मनगटाने हलते.

*

सावली लांबत होती. गुलाबी काकाकुवांचा थवा मिरीच्या झाडांवर येऊन भांडत बसला. गावकरी कुतूहलाने कुंपणाशी आले. कोणीतरी शनिवारचे उरलेले लॅमिंग्टन आणले. मुले ट्रेलरच्या चाकांमध्ये लपाछपी खेळू लागली. वर मी सुरू झाले.

मनोऱ्यात घंटांचा आवाज वरून पडतो. इथे तो छातीच्या उंचीवर होता. माणसे एकमेकांकडे पाहत होती, एकमेकांच्या कोपरांना कोपर लागत होते. धाकटीचा आवाज काचेसारखा, थोरलीचा मातीसारखा. “बॉब!” ऊना म्हणे, आणि कुंपणाशी उभा असलेला एक दाढीवाला शेतकरी पुटपुटे, “हा मॅकिनरींच्या फाटकाचा.” तो कधीकाळी तिच्या बसमध्ये बसत असे.

दोन तास होत आले आणि माशी आली. तीच असेल असे नाही, पण ओठ तोच.

नेरिडाने फुंकर मारली. मोगरी क्षणभर हवेत राहिली. तिची नजर सैरभैर झाली, आणि क्लेमला ते दिसले. या वेळी तो बाजूला झाला नाही. आपल्या वाटेवर घट्ट राहिला, मोगरी चालू ठेवली, आणि हनुवटीने फक्त एवढे दाखवले: ती सहावी, तिच्या मागून तू. नेरिडा सहावीच्या मागून गेली. माशी ओठावर बसून राहिली. नेरिडाने ती बसू दिली. पुढच्या ओळींमध्ये केव्हातरी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ती आवाज न करता हसत होती. क्लेम खाली बघून वाजवत होता, पण त्याचेही कान लाल झाले होते.

मग माझ्या त्या ओळी आल्या, ज्या शनिवारी आल्याच नव्हत्या. मित्रांनो, त्या वेगळ्या वाजल्या नाहीत. इतरांसारख्याच होत्या. एक आली, गेली, दुसरी आली. कुंपणाशी कोणी मान वर केली नाही. फक्त ऊनाने डोळे मिटले, आणि ती ओळीने सगळ्या आत बसेपर्यंत मिटलेलेच ठेवले.

शेवटी एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सिओनेची धम्म.

“थांबा.”

काकाकुवासुद्धा गप्प बसले होते. मग ऊनाने एकेकाकडे पाहिले, आठांकडे, स्वतःला धरून. कोणीही नजर खाली घातली नाही.

“खरं,” नेरिडा म्हणाली.

“खरं,” क्लेम म्हणाला.

असे आठ वेळा.

“मी शेवटी बोललो, लक्षात आलं का?” सिओने म्हणाला. “सवय.”

*

फळी खाली आणून मिरीच्या झाडाला टेकवली. नेरिडा रंगाचा डबा घेऊन बसली, आणि वाद सुरू झाला, कारण तिथे ‘मनोऱ्यात’ असे लिहिलेले होते आणि ते खरे नव्हते.

“‘मनोऱ्याशेजारी’ लिही,” क्लेम म्हणाला.

“शेजारी म्हटलं की मनोऱ्यातच वाजवलं आणि नम्रपणे सांगतोय असं वाटतं,” ऊना म्हणाली. “ट्रेलरवर वाजवलं. ‘ट्रेलरवर’ लिही.”

“सोन्याच्या अक्षरांत ‘ट्रेलरवर’?”

“का? ट्रेलरनं काय घोडं मारलंय?”

नेरिडाने ‘मनोऱ्यात’ खरवडून काढले. तिथले लाकूड थोडे फिकट दिसू लागले. त्या फिकट जागेत तिने नीट, सावकाश, ‘ट्रेलरवर’ लिहिले, आणि खाली मोकळी राहिलेली तारीख भरली; आठ नावे तीच होती. क्लेमने ओलसर फळी दोन्ही हातांवर आडवी धरली आणि जिना चढला. नेरिडा त्याच्या पुढे चालली, दारे उघडी धरत.

ती फळी आज त्या रिकाम्या मनोऱ्यात टांगलेली आहे. तोंड खोलीकडे.

मित्रांनो, माझ्यासारखी मोठी संख्या पाहिली की लोक म्हणतात, इतक्यांत एखादा राहिला तर काय होते? बेरीज तर जुळते. तुमच्या वाट्यालाही अशी मोजणी येईल. गायी असतील, रोपे असतील, सहलीला नेलेली मुले असतील. तेव्हा बेरीज जुळली म्हणून गाडी सोडू नका. प्रत्येकाकडे एकदा बघा. एकदाच, पण बघा. मला एवढेच सांभाळणे लागते. मला तेल नको, रंग नको, कपाट नको.

ऊना ट्रेगिअर पहिल्यांदा त्या मनोऱ्यात आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, तोच माझ्याशी न जमणारा अकरा, आणि दोरापर्यंत तिचा हात पोहोचत नव्हता.